यंत्रमानव आणि जायबंदी हात : मनगट व हाताच्या यंत्रसाहाय्यित पुनर्वसनाची चिकित्सा

प्रस्तावना

हाताला वा मनगटाला झालेल्या इजेनंतर रुग्णाला पुन्हा कामाला लावणे हे भौतिकोपचार व व्यवसायोपचार या दोन्ही शाखांचे जुने कार्य आहे. गेल्या तीन दशकांत या कार्यात यंत्रमानवाचा, म्हणजे संगणकाच्या नियंत्रणाखाली रुग्णाचा हात हलविणाऱ्या अथवा हलविण्यास साहाय्य करणाऱ्या यंत्राचा प्रवेश झाला. त्याविषयी अभियांत्रिकी, वैद्यक आणि आरोग्य-अर्थशास्त्र अशा तिन्ही अंगांनी विपुल लेखन झालेले आहे. या लेखनाचा सर्वसाधारण सूर आशावादी आहे. यंत्र थकत नाही, कंटाळत नाही, तीच हालचाल शेकडो वेळा सारख्याच अचूकपणे करवून घेते आणि प्रत्येक हालचालीची नोंद ठेवते, ही विधाने बहुतेक निबंधांच्या पहिल्याच पानावर भेटतात. ती खोटी नाहीत. प्रश्न आहे तो त्यांतून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाचा.

'इजा' या एका शब्दाखाली दोन अगदी भिन्न अवस्था एकत्र केल्या जातात. पक्षाघातात इजा मेंदूला होते. हात शाबूत असतो, परंतु त्याला आज्ञा मिळत नाही. मनगटाचे हाड मोडले, बोटाची कंडरा तुटली किंवा यंत्रात हात चिरडला तर मेंदूकडून आज्ञा बिनचूक येते, परंतु हात ती पाळू शकत नाही. यंत्रमानवाच्या उपयुक्ततेचा जो पुरावा आज उपलब्ध आहे तो जवळजवळ सर्व पहिल्या प्रकारच्या रुग्णांवरून गोळा केलेला आहे. आणि तो बिनदिक्कतपणे दुसऱ्या प्रकारच्या खात्यावर जमा केला जातो. हे हस्तांतर कितपत न्याय्य आहे, याची तपासणी प्रस्तुत लेखात करावयाची आहे. रुग्णालयांची यंत्रखरेदी आणि भौतिकोपचाराच्या महाविद्यालयांतील अध्यापन या दोहोंशी हा प्रश्न निगडित असल्यामुळे तो केवळ तज्ज्ञांपुरता मर्यादित राहत नाही.

यंत्राची घडण

'यंत्रमानव' हा शब्द मराठीत रुळला असला तरी येथे तो थोडी दिशाभूल करतो. पुनर्वसनाच्या या यंत्राला तोंड नाही, पाय नाहीत. एक मेज, एक मूठ, मुठीला जोडलेल्या मोटरी, संवेदक आणि समोर एक पडदा, एवढाच त्याचा संसार असतो. या घराण्याचे मूळपुरुष म्हणता येईल असे यंत्र म्हणजे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे नेव्हिल होगन, हर्मानो इगो क्रेब्स व त्यांचे सहकारी यांनी घडविलेले 'एमआयटी-मॅनस'. संस्थेच्या लॅटिन बोधवाक्यात 'मन आणि हात' असे दोन शब्द आहेत. त्यांपैकी 'हात' या अर्थाचा 'मॅनस' हा शब्द यंत्राने घेतला. मराठी वाचकाला त्यात 'मानस' ऐकू यावे हा योगायोग असला तरी तो अगदीच अस्थानी नाही. कारण हाताचे नाव धारण करणारे हे यंत्र प्रारंभी हाताला शिवतही नव्हते. ते खांदा व कोपर यांना सपाट पृष्ठभागावर व्यायाम देत असे आणि त्याचे खरे लक्ष्य मेंदू हे होते.

या यंत्राचे खरे वैशिष्ट्य त्याच्या नियंत्रणपद्धतीत आहे. कारखान्यातील यंत्रमानव ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी पोहोचतो. वाटेत काही आले तर ते मोडून पोहोचतो. अशा यंत्राच्या हाती रुग्णाचा हात देता येणार नाही हे उघड आहे. होगन यांनी १९८५ साली मांडलेल्या 'इम्पिडन्स नियंत्रण' या तत्त्वानुसार यंत्र स्थानाची सक्ती करीत नाही. ते स्प्रिंगसारखे वागते. रुग्ण स्वतः हात हलवीत असेल तर यंत्र सैल राहते, रुग्ण मागे पडला तर हलकेच पुढे ढकलते, तो वाट चुकला तर त्याला पुन्हा मार्गावर आणते. रुग्णाने उलट दिशेने जोर केला तर यंत्र मुकाट्याने मागेही सरते. उपचारकाच्या हाताचा हा गुण यंत्रात आणणे ही अभियांत्रिकीची मोठी कमाई होय, आणि पुढील सर्व टीका या कमाईची नोंद घेऊनच वाचली पाहिजे.

मनगटासाठी स्वतंत्र यंत्र याच गटाने नंतर तयार केले. त्याचे सविस्तर वर्णन २००७ साली प्रसिद्ध झाले. मनगट तळहाताकडे व पाठीकडे वळणे, अंगठ्याकडे व करंगळीकडे झुकणे आणि अग्रबाहू फिरून तळहात उताणा-पालथा होणे, अशा तिन्ही हालचाली ते देते. बोटांसाठी ऑस्ट्रियातील 'अमॅडिओ', इटलीतील 'ग्लोरिहा' हा यांत्रिक हातमोजा, हाँगकाँगमधील 'हँड ऑफ होप' अशी अन्य यंत्रे पुढे आली. त्यांच्या रचना निरनिराळ्या असल्या तरी पुनरावृत्तीने शिकवावयाचे, हे मूळ गृहीतक सर्वत्र समान आहे.

पुराव्याचा तपास

'मॅनस'ची पहिली चाचणी न्यूयॉर्क राज्यातील व्हाइट प्लेन्स येथील बर्क पुनर्वसन रुग्णालयात झाली. १९९७ साली २० आणि २००० साली ५६ पक्षाघातग्रस्तांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यंत्रावर व्यायाम केलेल्यांची सुधारणा इतरांपेक्षा अधिक होती. पण ती खांदा व कोपर यांतच, म्हणजे ज्या सांध्यांना व्यायाम मिळाला त्यांतच होती. मनगट व बोटे यांना तिचा लाभ झाला नाही. हा तपशील पुढील उत्साहात मागे पडला. एकाच हाताच्या कोपरातून मनगटात न पोहोचलेली सुधारणा एका रोगाच्या अनुभवावरून दुसऱ्या रोगात पोहोचेल असे गृहीत धरणे धाडसाचे आहे.

यंत्राच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद पुनरावृत्तीच्या संख्येचा आहे. अमेरिकेतील पुनर्वसन केंद्रांत प्रत्यक्ष काय घडते याचे निरीक्षण करून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, हाताच्या उपयुक्त हालचालींचा सराव जेथे दिला गेला तेथेही एका सत्रात सरासरी ३२ च हालचाली झाल्या. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत यंत्र एका सत्रात सुमारे हजार हालचाली करवून घेत होते. तफावत तीसपटीची आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

परंतु याच चाचणीची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. पक्षाघात होऊन किमान सहा महिने उलटलेले १२७ रुग्ण तीन गटांत विभागले होते. एका गटाला यंत्र, दुसऱ्याला उपचारकाकडून तितक्याच हालचालींचा सघन व्यायाम आणि तिसऱ्याला नेहमीचे उपचार मिळाले. हातासाठी ६६ गुणांची असलेली फुग्ल-मायर ही मोजपट्टी वापरली असता, बारा आठवड्यांच्या शेवटी यंत्रगट नेहमीच्या उपचारांच्या गटापेक्षा सुमारे दोन गुणांनी पुढे होता. तो फरक सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता. छत्तिसाव्या आठवड्यात तो सुमारे तीन गुणांचा व लक्षणीय झाला. सघन व्यायाम देणाऱ्या माणसांच्या तुलनेत मात्र यंत्राला कोणतीही आघाडी मिळाली नाही. म्हणजे लाभ झाला असेल तर तो पुनरावृत्तीचा झाला. ती पोलादी हाताने करविली की मानवी, याने फरक पडला नाही.

२०१८ च्या कॉक्रन समीक्षेने ४५ चाचण्यांतील १,६१९ रुग्णांची माहिती एकत्र करून यंत्रसाहाय्याने दैनंदिन कामे, हाताचे कार्य व शक्ती यांत सुधारणा होते असा अनुकूल निष्कर्ष काढला. मात्र यंत्रे, सत्रांची संख्या आणि मोजमापे यांत मोठी विविधता असल्याने सावधगिरीचा इशाराही दिला. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधील 'रॅटल्स' या चाचणीचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. हिच्यातील ७७० रुग्ण ही संख्या त्या आधीच्या कोणत्याही एका चाचणीपेक्षा फार मोठी होती. यंत्रगटात ४४ टक्के, उपचारकांकडून सघन व्यायाम मिळालेल्या गटात ५० टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात ४२ टक्के रुग्णांना ठरविलेल्या प्रमाणात यश मिळाले. नेहमीच्या उपचारांशी तुलना करता यंत्राने हाताचे कार्य सुधारले असे म्हणता आले नाही आणि खर्चाच्या दृष्टीनेही ते परवडणारे ठरले नाही. चाचणीत वापरलेले यंत्र 'मॅनस'च्याच वंशातील होते.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने नोंदविली पाहिजे. 'रॅटल्स'मधील रुग्णांत पक्षाघात होऊन आठवडा झालेले आणि पाच वर्षे झालेले, असे दोन्ही टोकांचे रुग्ण होते. इतक्या भिन्न अवस्थांची सरासरी काढल्यावर एखाद्या उपगटाचा लाभ झाकला जाणे शक्य आहे. तथापि हा बचाव यंत्राच्या समर्थकांनी स्वीकारला तर त्यांना त्याचा उत्तरार्धही स्वीकारावा लागतो. एकाच रोगाच्या दोन कालखंडांतील रुग्णांना एकत्र मोजणे जर अयोग्य असेल, तर दोन भिन्न रोगांना एकत्र मोजणे त्याहून किती अयोग्य ठरेल!

दुखावलेल्या हाताचे शास्त्र

आता दुसऱ्या प्रकारच्या हाताकडे वळावे. पडताना हात टेकल्यामुळे रेडियस या हाडाचे मनगटाजवळील टोक मोडणे ही अत्यंत सामान्य इजा आहे. प्लास्टर काढल्यानंतर मनगट ताठर झालेले असते, बोटे सुजलेली असतात आणि तळहात उताणा करता येत नाही. प्रसाद घेण्यासाठी ओंजळ पुढे करणे अशक्य होते, तेव्हा रुग्णाला आपल्या हाताचे काय झाले ते प्रथम नीट कळते. या अवस्थेवर मेंदूला हजार वेळा धडा देऊन उपयोग काय? मेंदू तो धडा विसरलेलाच नाही. अडथळा सांध्याभोवतीच्या आवरणात, सुजेत आणि वेदनेत आहे.

या ऊतींचा स्वभाव वेगळा आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये कुष्ठरुग्णांच्या हातांवर मूलगामी काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी याविषयी फार महत्त्वाचे विवेचन केलेले आहे. आखडलेली ऊती जोराने ताणली तर ती फाटते, सुजते आणि अधिकच आखडते. ती सौम्य ताणाखाली दीर्घ काळ ठेवली तर नव्या लांबीला अनुसरून वाढते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ताणणे आणि वाढविणे यांतील हा भेद १९८५ सालच्या त्यांच्या हाताच्या यांत्रिकीवरील ग्रंथाचा जणू कणा आहे. फ्लॉवर्स व लास्टायो यांनी १९९४ साली आखडलेल्या बोटांच्या मधल्या सांध्यांवर प्लास्टरचा प्रयोग केला. सांधा हालचालीच्या शेवटच्या टोकाशी सहा दिवस ठेवला असता तीन दिवसांपेक्षा अधिक पल्ला परत मिळाला. येथे परिणामकारक घटक म्हणजे टोकाशी काढलेला काळ. हालचालींची संख्या या प्रयोगात जवळजवळ शून्य होती.

तात्पर्य, पक्षाघातात जे यंत्राचे बळ तेच येथे त्याचे वैगुण्य ठरू शकते. हजार वेळा टोकाला जाऊन क्षणार्धात परतणारे मनगट त्या टोकाशी एकूण फारच थोडा वेळ घालविते. साध्या प्लास्टरच्या पट्टीला जे रात्रभर झोपेत साधते ते यंत्राला तासाभराच्या सत्रात साधत नाही. कारागिरीचा विचार करता ही तुलना यंत्रावर अन्याय करणारी वाटेल, पण ऊतीला कारागिरी कळत नाही.

तुटलेल्या कंडरांच्या बाबतीत परिस्थिती याहून नाजूक आहे. तळहात व बोटाचा मधला भाग यांच्यामधील ज्या बोगद्यातून बोट मिटविणाऱ्या कंडरा जातात त्याला स्टर्लिंग बनेल या शल्यविशारदाने, युद्धातील दोन सैन्यांमधल्या कोणीच न शिरावे अशा पट्ट्याची उपमा दिली होती. तेथे शिवलेली कंडरा स्थिर ठेवली तर भोवतालच्या ऊतींना चिकटते आणि फार हलविली तर टाका तुटतो. १९७५ साली ड्युरन व हाउझर यांनी दाखविले की, कंडरा ३ ते ५ मिलिमीटर सरकली तरी ती चिकटू नये म्हणून पुरेसे असते. चिकटणे आणि तुटणे यांच्यामधील या अरुंद वाटेवर उपचारक बोटाने बोट धरून चालत असतो.

आश्चर्य म्हणजे यंत्राच्या बाजूने खरी साक्ष याच क्षेत्रात मिळते, आणि यंत्रमानवाच्या समर्थकांच्या लेखनात ती क्वचितच आढळते. टोरांटोचे अस्थिशल्यविशारद रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७० च्या दशकात सांध्याला सतत निष्क्रिय हालचाल देण्याची कल्पना मांडली. तिच्या आधारे गेल्बरमन व सहकाऱ्यांनी शिवलेल्या कंडरांवर केलेल्या आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, साध्या मोटरवर चालणाऱ्या यंत्राने दिवसाचे अनेक तास हळूहळू हलविलेल्या बोटांना नेहमीच्या पद्धतीपेक्षा अधिक हालचाल परत मिळाली. त्या यंत्रात पडदा नव्हता, खेळ नव्हते, शिकणारा संगणकही नव्हता. त्याच्याजवळ सौम्यता होती आणि वेळ होता. इजेच्या क्षेत्रातील यंत्राला पूर्वज शोधावयाचाच असेल तर तो 'मॅनस'मध्ये शोधण्याऐवजी येथे शोधणे अधिक सयुक्तिक होईल.

मनगटाच्या अस्थिभंगानंतर कोणते पुनर्वसन अधिक गुणकारी, या साध्या प्रश्नाचेही उत्तर अजून पक्के झालेले नाही. २०१५ च्या कॉक्रन समीक्षेने २६ चाचण्यांतील १,२६९ रुग्णांचा आढावा घेऊन उपलब्ध पुरावा अपुरा असल्याचे म्हटले. पाया असा अपुरा असताना त्यावर यंत्राचा मजला चढविण्याची घाई दिसते. इजाग्रस्त हातांवर यंत्रमानवाचे जे थोडे अभ्यास झाले ते प्रायः लहान व प्राथमिक स्वरूपाचे आहेत.

स्पर्श

यंत्राच्या संवेदकांना बल कळते, कोन कळतो, वेग कळतो. हाताला याहून अधिक काही कळत असते. स्वीडनचे एरिक मोबर्ग यांनी १९५० च्या दशकात आग्रहाने मांडले की, स्पर्शज्ञान गमावलेला हात आंधळा असतो; त्याच्या स्नायूंची शक्ती व सांध्यांचा पल्ला कितीही चांगला असला तरी नजर हटताच तो निरुपयोगी होतो. हाताच्या खोल जखमेत कंडरांसोबत मज्जातंतूही अनेकदा तुटतात, म्हणून हा मुद्दा इजेच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे.

ब्रँड यांनी १९९३ सालच्या आपल्या पुस्तकात सांगितलेली एक घटना येथे आठवते. गंजलेल्या कुलपात किल्ली फिरत नव्हती. प्रौढांच्याने जे झाले नाही ते एका लहान कुष्ठरुग्ण मुलाने सहज केले, पण त्याच्या बोटातून रक्त वाहू लागले. किल्लीच्या कडेने बोट हाडापर्यंत कापले गेले होते आणि त्याला त्याची वार्ताही नव्हती. किल्ली फिरविणे ही मनगट व अग्रबाहू यांच्या कार्याची नमुनेदार चाचणी आहे. त्या मुलाला आजच्या कोणत्याही यंत्रावर बसविले असते तर त्याला पूर्ण गुण मिळाले असते.

याच ब्रँड यांनी पुढे अमेरिकेत, लुइझियानातील कार्व्हिल येथे, हरपलेल्या वेदनेला यांत्रिक पर्याय शोधण्याचा प्रयत्न केला. हातमोज्यात दाबाचे संवेदक बसविले आणि दाब घातक झाला की रुग्णाला इशारा मिळेल अशी व्यवस्था केली. आवाजाच्या इशाऱ्याकडे रुग्ण दुर्लक्ष करीत. विजेचा हलका धक्का दिला तर हातातले काम पुरे करण्यासाठी ते यंत्रच बंद करीत. अखेर तो प्रकल्प सोडून द्यावा लागला. संवेदक अचूक होते. मात्र त्यांनी दिलेला संदेश रुग्णाला आपला वाटत नव्हता, बाहेरून आलेला वाटत होता. पुनर्वसनाच्या यंत्राचा पडदा रुग्णाला त्याच्या हालचालीचे गुण दाखवितो तेव्हाही हीच अडचण निराळ्या रूपात उभी राहते. सत्र संपते, पडदा काळा होतो आणि हात पुन्हा एकटा पडतो.

दुसऱ्या बाजूने उपचारकाच्या स्पर्शाचाही विचार करावा लागतो. ताठर मनगट हातात घेऊन वळविताना अनुभवी उपचारकाला हा अडथळा सुजेचा आहे, चिकटलेल्या कंडरेचा आहे, हाडाला हाड भिडल्याचा आहे की निव्वळ भीतीचा, हे बऱ्याच अंशी कळते. यंत्राला त्या सर्वांची बेरीज कळते. मात्र येथे यंत्राच्या विरोधात घाईने निकाल देणेही चुकीचे होईल. सांध्यावर किती बल लावले असता तो किती अंशांनी वळतो याचा आलेख काढावा, अशी शिफारस खुद्द ब्रँड यांनीच केली होती. आलेख हळूहळू चढत असेल तर सांधा स्प्लिंटला दाद देण्याची शक्यता अधिक, एकदम उभा चढत असेल तर कमी, असा त्याचा अर्थ. ब्रँड हे काम साध्या काट्याने व कोनमापकाने करीत. मनगटाच्या आधुनिक यंत्रात बल व कोन या दोहोंची नोंद प्रत्येक क्षणी आपोआप होत असते. म्हणजे व्यायामशिक्षक म्हणून ज्याची महती गायली जाते त्या यंत्राचा इजेच्या क्षेत्रातील सर्वांत मोठा उपयोग कदाचित मोजमापाचे साधन म्हणून असावा. प्रसिद्ध साहित्यात या दृष्टीने झालेले काम व्यायामाविषयीच्या लेखनाच्या मानाने अल्प आहे.

काय मोजावे?

बहुतेक चाचण्या जे मोजतात ते मोजणे सोपे असते म्हणून मोजतात. मनगटाचा कोन सोपा आहे. तीस प्रश्नांची 'डॅश' ही प्रश्नावली, जी बरणीचे झाकण उघडणे, किल्ली फिरविणे, सुरीने अन्न कापणे अशा कामांविषयी विचारते, ती त्याहून बरी आहे. परंतु सुरी-काट्याच्या घरात घडलेल्या या यादीत धुणे पिळणे, कणीक मळणे, भाकरी थापणे, हाताने भात कालवून घास करणे यांना जागा नाही. धुणे पिळताना दोन्ही मनगटे विरुद्ध दिशांना पूर्ण बळाने वळतात. मनगटाची याहून कठोर परीक्षा क्वचितच असेल. प्रश्नावलीचे केवळ भाषांतर करून ही उणीव भरून निघत नाही.

मोजमापाचा प्रश्न उपजीविकेपर्यंत जातो. वेल्लोरला शस्त्रक्रियेने बोटे सरळ झालेले काही रुग्ण ब्रँड यांच्याकडे तक्रार घेऊन परतले. हात सुधारल्यामुळे त्यांना भीक मिळेनाशी झाली होती. कोनमापकाच्या दृष्टीने ती शस्त्रक्रिया यशस्वीच होती. त्यानंतर तेथे रुग्णांना सुतारकामासारखे धंदे शिकविण्याची व्यवस्था उभी राहिली आणि हाताचे पुनर्वसन शस्त्रक्रियागृहातून कामाच्या बाकापर्यंत लांबले.

भारतीय संदर्भ

योगायोगाने भारतातील या क्षेत्रातील एक महत्त्वाचे यंत्रही वेल्लोरशी निगडित आहे. तेथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेज व मद्रास आयआयटी यांनी विकसित केलेल्या 'प्लूटो' या यंत्रात एकच मोटर असून तिला आलटून पालटून निरनिराळ्या यंत्रणा जोडता येतात. मनगट वळविणे, बाजूला झुकविणे, अग्रबाहू फिरविणे व मूठ उघडणे-मिटणे ही कामे त्यामुळे एकाच लहानशा पेटीत सामावतात. महागड्या परदेशी यंत्राची स्वस्त नक्कल न करता, कोणत्या हालचाली एकेकट्या शिकविल्या तरी चालतील असा मुळापासून विचार येथे झालेला दिसतो. दिल्ली आयआयटीतील संशोधकांनीही मनगट व बोटांच्या मुळाचे सांधे यांच्यासाठी बाह्यसांगाडा तयार करून त्याची चाचणी घेतली. दोन्ही प्रयत्न स्तुत्य आहेत. दोन्हींचा प्रारंभिक पुरावा मात्र पुन्हा मज्जासंस्थेच्या आजारांतून, मुख्यतः पक्षाघातातून आलेला आहे.

इजाग्रस्त हातांची या देशात वाण नाही. 'सेफ इन इंडिया' या संस्थेने २०१९ पासून प्रसिद्ध केलेल्या 'क्रश्ड' अहवालांत वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांतील पॉवर प्रेसखाली कामगारांची बोटे कशी चिरडली जातात याची नोंद आहे. आरंभी हरियाणापुरते असलेले हे काम पुढे महाराष्ट्रातील कारखान्यांपर्यंत विस्तारले. ग्रामीण भागात कडबाकुट्टी व उसाच्या चरकात सापडलेले हात यांत मिळवावे लागतात. अशा रुग्णाचे हाड, कंडरा, मज्जातंतू व त्वचा एकाच वेळी जखमी असतात. तो वयाने तरुण असतो, त्याचे घर रुग्णालयापासून दूर असते आणि त्याचा रोज बुडत असतो. आठवड्यातून तीन वेळा बारा आठवडे मोठ्या रुग्णालयात येऊन यंत्रासमोर बसणे, हे 'रॅटल्स'चे वेळापत्रक त्याला पाळता येणार नाही. घरी नेता येईल अशा यंत्राचे महत्त्व येथे आहे, आणि मुंबईच्या हाजीअली येथील अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्थेसारख्या सार्वजनिक संस्थांना अशी तुलना हाती घेता येण्यासारखी आहे.

ती तुलना करावयाची झाल्यास तिच्यातील प्रतिस्पर्धी योग्य निवडावा लागेल. यंत्राची तुलना 'काहीच नाही' याच्याशी केली तर ते जिंकणारच. त्याला प्लास्टरची पट्टी, रात्रीचा स्प्लिंट आणि आठवड्यातून एकदा भेटणारा उपचारक यांच्यासमोर उभे केले पाहिजे. यंत्रालाही केवळ फिरत राहण्याची आज्ञा देऊन चालणार नाही. वळवू शकणारी मोटर वळवून थांबूही शकते, तेव्हा मनगट टोकाशी सौम्य बलाने वीस मिनिटे धरून ठेवण्याचा क्रम त्यात बसविता येईल. नोंदवहीत हालचालींच्या संख्येऐवजी टोकाशी गेलेली मिनिटे, बल आणि कोन यांचा आलेख, बोटांच्या टोकांचे स्पर्शज्ञान, आणि सहा महिन्यांनंतर तो कामगार त्याच प्रेसवर परतला की दुसऱ्या कामाला लागला, कोणत्या रोजावर लागला व त्या हाताला पुन्हा इजा झाली का, हे रकाने असावे लागतील.